परत येणारा रंग

राठोड सर आमच्या रसायनशास्त्र विभागात रुजू झाले त्या दिवशी त्यांनी आधी माठातल्या पाण्यावर संशय घेतला, मग भिंतीतल्या स्विचवर, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्यावर. मी विभागात शिकवते आणि सामानाचं कपाटही सांभाळते. काय आहे, काय संपत आलंय, काय मागवायचं, याच्या याद्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या असतात आणि त्या बरोबर असतात. सरांनी एक बाटली उचलली, तिच्यावर माझ्याच अक्षरातलं 'इथेनॉल' वाचलं आणि विचारलं, "कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"भरताना बघितलं तुमी?"

मी बघितलं नव्हतं. शिपायानं मोठ्या कॅनमधून भरली होती. सरांनी बाटली जागेवर ठेवली आणि लेबलाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लहानसं प्रश्नचिन्ह काढलं. आठवड्याभरात माझ्या निम्म्या बाटल्यांवर प्रश्नचिन्हं उगवली. मला राग आला. खात्री झाली की ते स्वतः येऊन खोडून जायचे. दोन बाटल्यांवरची मात्र शेवटपर्यंत खोडली गेली नाहीत, आणि त्या दोन्ही मला फेकाव्या लागल्या.

सर बुटके, खांदे जरा पुढे आलेले, केस तेल लावून चापून बसवलेले. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी बोटभर टॉर्च, जांभळ्या उजेडाची, नोटा तपासायला दुकानदार ठेवतात तशी. कुणाच्या हातून ते वस्तू घेत नसत. टेबलावर ठेवा म्हणत, क्षणभर बघत, मग उचलत. कॉलेजचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. घरून स्टीलच्या बाटलीत ज्वारीची आंबील आणत आणि पहिल्या तासाआधी विभागाच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असे उभे राहून पीत. एवढ्या संशयी माणसाचा त्या एकाच गोष्टीवर एवढा भरवसा का, हे मला बरेच दिवस कळलं नाही.

टॉर्चमुळे त्यांनी कॉलेजात माणसं दुखावली. एकदा प्राचार्यांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर उजेड टाकला. शर्ट निळा पेटला आणि प्राचार्य खूश झाले. सर म्हणाले, "ही धुण्याच्या पावडरीतली चमक हाय सर. मळाचं वेगळं बघावं लागंल."

सिद्धेश्वरला धरणाच्या अंगाला आमचं विद्यार्थ्यांचं शिबिर होतं. दिवेलागणीची वेळ, पोरं दगडांवर बसायला लागली, तर सर म्हणाले थांबा, आणि एकेका दगडाखाली टॉर्च मारत फिरले. पोरं हसायला लागली. क्रीडाशिक्षक गाडेकर सर तर मोठ्यानं म्हणाले की राठोड सर धरणाच्या पाण्याचाही जन्मदाखला मागतील. तेवढ्यात एका दगडाच्या कपारीत काहीतरी हिरवट उजळलं. विंचू होता. जांभळ्या उजेडात विंचू असा चमकतो हे आम्हाला पुस्तकातून माहीत होतं, पण पुस्तकातला विंचू पायाशी नसतो. पुढे तासभर पोरं जे चमकेल त्याला विंचू म्हणून ओरडत राहिली. प्लास्टिकचा तुकडा, चुन्याचा डाग, काहीही. सर प्रत्येक वेळी जाऊन बघत आणि एकच सांगत, "नुसतं चमकलं म्हणून विंचू नसतो. हलतंय का, ते बघा."

आता मुख्य गोष्ट. सरांचा संशोधनाचा विषय होता तांब्याची चमकणारी संयुगं. त्यासाठी त्यांना इथेनॉल लागे, मिथेनॉल लागे, आणि ते माझ्या कपाटातून जाई. मागच्या छोट्या खोलीत ते खिडकीला काळा कागद लावत, दार आतून लावून घेत आणि दुपारभर बसत. सर सेनगावकडच्या एका बंजारा तांड्यावरचे, आणि तांडा म्हटलं की लोकांना हातभट्टीच आठवते. एवढ्या दोन गोष्टी कुणालाही एकमेकींना जोडायला पुरेशा होत्या. स्टाफरूममध्ये कुणी स्पष्ट बोलत नसे. फक्त गाडेकर सर विचारत, "आज किती बाटल्या झाल्या म्हणे प्रयोगाच्या?" आणि बाकीचे पेपर तपासत असल्यासारखे खाली बघून हसत. मीही इथेनॉलच्या बाटलीवर पातळीची रेघ मारून ठेवायला लागले. कपाट माझ्या जबाबदारीवर होतं.

ती रेघ सरांनी पहिल्याच दिवशी ओळखली. म्हणाले, "या मॅडम, कुठं जातंय ते बघून घ्या."

खोलीत अंधार होता. काचेच्या बशीत चिमूटभर पांढरी पूड. सरांनी टॉर्च लावली आणि पूड नारिंगी पेटली, चुलीतला निखारा जसा फुंकर घातल्यावर दिसतो तशी. मग त्यांनी इथेनॉलची बाटली नुसती उघडून बशीच्या कडेला धरली. थेंबही टाकला नाही. नारिंगीच्या एका काठाला हिरवट पिवळा रंग आला आणि हळूहळू पलीकडच्या काठापर्यंत सरकत गेला. मी वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते, तरी मी श्वास धरून बघत होते.

"बाजारच्या दिवशी जीपमधी माणसं कोंबली की आतल्यांना सरकून बसावं लागतं," सर म्हणाले. "तसंच. अल्कोहोलची वाफ आत घुसती, तांब्याचे अणू जरासे सरकतात. जागा बदलली की उजेडाचा रंग बदलतो."

मी छान म्हटलं. ते म्हणाले की अजून काही झालेलं नाही. बाटली बंद करून त्यांनी पंखा लावला आणि आम्ही थांबलो. हिरवा विरत गेला आणि निखारा परत आला.

"हे खरं," सर म्हणाले. "रंग कशानंही बदलतो. परत आला तरच ती वाफ. माणसं उतरली की जीप मोकळी व्हायला पाहिजे का न्हाई?"

पुढे त्यांनी हेच संयुग गाळण-कागदाच्या पट्ट्यांवर बसवलं. दिवसा साधी पांढरी पट्टी, टॉर्चखाली नारिंगी, दारूच्या वाफेत हिरवी. पाण्याच्या वाफेनं ढिम्म हलत नसे, आणि त्या एका गुणासाठी त्यांनी खूप सामान वाया घालवलं होतं. पट्ट्या वाळत घालताना एकदा मी विचारलं, जगात इतकी संयुगं आहेत, तुम्ही दारूमागेच का लागलात? लोकांना बोलायला निमित्त मिळतं.

सरांनी पट्टी दोरीला चिमटा लावून अडकवली. मग सांगितलं. शाळेत गुरुजी दारात उभे राहत. गावातली पोरं सरळ आत जायची. तांड्यावरच्या पोरांना 'आ कर' म्हणत आणि तोंड हुंगून आत सोडत. एका सकाळी सर घरून आंबील पिऊन गेले होते. आंबट वास आला. गुरुजींनी सगळ्यांसमोर परत पाठवलं, दप्तरासकट. तांड्यावर त्यांच्या आईनं, याडीनं, पोराला पुन्हा आंबील पाजली आणि हात धरून शाळेच्या दारापर्यंत आणलं. गुरुजींना म्हणाली, आता हुंगा, आणि मलाबी हुंगा.

"नाकाला जात कळती मॅडम," सर म्हणाले. "कागदाला कळत न्हाई."

इतकं बोलून ते पुढची पट्टी अडकवायला गेले. मला त्या दिवशी दारातल्या आंबिलीचा उलगडा झाला.

मग बसचा प्रकार झाला. कॉलेजची बस परसराम आडे चालवतो. तोही तांड्यावरचाच, पण जवळा बाजारच्या पलीकडच्या. बस मुक्कामाला त्याच्या दारातल्या खळ्यावर असते आणि सकाळी जवळा बाजारवरून मुलींना आणि आम्हाला घेऊन येते. हळद काढणीचे दिवस होते. समोरून हळदीनं भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली आली, परसरामनं बस खाली घेतली आणि एक चाक खड्ड्यात गेलं. मुलींना मुका मार, एकीच्या कपाळाला टेंगूळ. तेवढ्यावर निभावलं. पण संध्याकाळपर्यंत पालक फाटकावर आले आणि कुणीतरी तो शब्द उच्चारला. पेलेला असंल.

संस्थेचे सचिव, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, त्यांना पोलिसांचं यंत्र दारात नको होतं. त्यांना सरांच्या पट्ट्या आठवल्या. कॉलेजचंच संशोधन, कॉलेजातच वापरू. सर नको म्हणाले. पट्टी अजून खोलीतली आहे, रस्त्यावरची नाही, म्हणाले. अण्णांनी विचारलं, मग इतकी वर्षं आत बसून काय करून राहिले तुमी? सरांनी पट्ट्या दिल्या, पण अट घातली: पट्टी चिमट्यानंच धरायची, आणि हिरवी झाली तर पंख्याखाली ठेवून परत येते का ते बघायचं, त्याशिवाय काही बोलायचं नाही. चाचणीचं काम गाडेकर सरांकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस फाटकात थांबली. आम्ही उतरलो. गाडेकर सर पट्टी आणि टॉर्च घेऊन उभे होते, चिमटा खिशात. परसरामच्या तोंडाजवळ हात न्यायची त्यांची तयारी नव्हती. चार हात लांब उभे राहून म्हणाले, "घे, तूच धर. धरून फुक."

परसरामनं बोटात पट्टी धरली आणि फुंकली. गाडेकर सरांनी ती पिंपळाखालच्या सावलीत नेली, वरून टॉर्च मारली. पट्टी हिरवट पिवळी पेटली. मुलींनी बघितलं, शिपायानं बघितलं, मी बघितलं.

"न्हाई पेलो साहेब," परसराम म्हणाला. "लेकराची आन."

गाडेकर सरांनी किल्ली मागितली. त्यानं दिली, आणि बसच्या पायरीवर बसून राहिला. त्याच्याकडे दुसरं काम नव्हतं. दोन एकर हळद, तीही पावसाच्या मर्जीवर, आणि ही बस. अण्णांचा निरोप आला की दुपारी सभागृहात निकाल लावू.

दुपारी सभागृहात अण्णा, प्राचार्य, स्टाफ, चार-दोन पालक, मागे काही पोरं, आणि भिंतीशी उभा परसराम. टेबलावर ती पट्टी. राठोड सर आले, टेबलाजवळ उभे राहिले आणि आधी परसरामशी त्यांच्या बंजारा बोलीत, गोरमाटीत, दोन वाक्यं बोलले. परसरामनं मान हलवली. आमच्यापैकी कुणाला ती बोली येत नव्हती. सभागृहात खुर्च्या करकरल्या. एक पालक हळूच म्हणाला, "झालं. आपसात ठरलं."

सरांनी पट्टी पंख्याखाली ठेवली आणि हाताचा आडोसा करून टॉर्च धरली. सगळे बघत बसले. ती हिरवी होती, हिरवीच राहिली.

"बघा," गाडेकर सर म्हणाले. "सकाळची उतरली न्हाई अजून."

"म्हणूनच ही दारू नव्हं," सर म्हणाले. "दारू असती तर परत आली असती."

कुणी हसलं. अण्णांनी हसणाऱ्याकडे बघितलं नाही, सरांकडे बघितलं. म्हणाले, "राठोड सर, पट्टी तुमची, माणूस तुमचा. हिरवी झाली तर दारू, असं तुमीच सांगितलं. आता हिरवीच राहिली तर दारू न्हाई. आमी काय समजावं?"

खरं सांगायचं तर मलाही काय समजावं ते कळत नव्हतं. मी त्या खोलीत निखारा परत येताना बघितला होता, तरीही. माणूस आपल्या माणसाला सांभाळतो, हा हिशेब फार सोपा असतो.

 सरांनी गाडेकर सरांना विचारलं की पट्टी कशानं धरली होती. गाडेकर सर म्हणाले, चिमट्यानं काय फरक पडतो. सरांनी पुन्हा विचारलं. यावेळी उत्तर परसरामनं दिलं, हात वर करून, शाळेतल्या पोरासारखा. "मी धरली सर. या बोटानं."

सर शिपायाला म्हणाले, "पडदे लाव."

अंधार झाल्यावर सरांनी परसरामच्या हातावर टॉर्च मारली. दोन्ही तळवे पेटले. रेषा, नखांच्या कडा, मनगटापर्यंत, तोच हिरवट पिवळा रंग. मागून कुणीतरी 'विंचू' म्हणालं, शिबिरातलंच कोणीतरी असणार. यावेळी कुणी हसलं नाही.

"पाईकराव मॅडम," सर म्हणाले, "तुमी आज बसनंच आलात ना? हात दाखवा."

मी उठले. मला राग आला होता, भर सभेत असं बोलावल्याचा. माझ्या तळव्यावर टॉर्च पडली. मी दांडा धरून चढले होते, दांडा धरून उतरले होते. दोन बोटांच्या मधून, अंगठीच्या कडेनं, माझा हातही पेटत होता.

सरांनी मला एक कोरी पट्टी दिली, बोटात धरायला लावली आणि फुंका म्हणाले. मी फुंकली. हिरवी. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. ज्या बाईनं कधी कॉलेजच्या सहलीत कॉफीसुद्धा घेतली नाही तिच्याकडे. त्या क्षणी मला पायरीवर बसलेल्या परसरामचं काय झालं असेल ते कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

"हळद," सर म्हणाले. "बस रात्रभर खळ्यावर उभी ऱ्हाती. पलीकडं शिजवून वाळवलेली हळद चमक यायला ढोलात घोळून राहिले. धूळ सगळीकडं. आपल्याला दिसत न्हाई, कारण या दिवसांत सगळ्यांचेच हात पिवळे."

टॉर्च सहज बाजूला वळली तेव्हा अण्णांची बाहीही कोपरापर्यंत उजळली. अण्णांचा हळदीचा मोठा व्यवहार आहे. त्यांनी हात टेबलाखाली घेतला. सर तिकडे बघत नव्हते, किंवा न बघितल्यासारखं त्यांनी केलं.

मी बसले, पण सर थांबले नव्हते. त्यांनी परसरामला साबणानं हात धुवून यायला लावलं, नवी पट्टी चिमट्यानं धरली आणि स्वतः त्याच्या तोंडासमोर नेली. फुंकर. नारिंगी. लोक उठायला लागले तर म्हणाले, बसा. हीच पट्टी मेलेली असंल तर? त्यांनी तीच पट्टी माझ्या कपाटातल्या बाटलीच्या तोंडाशी धरली. हिरवी झाली. पंख्याखाली ठेवली. आम्ही सगळे, अण्णांसकट, मुकाट बसून राहिलो, जोवर ती परत नारिंगी झाली नाही तोवर.

परसरामची किल्ली परत मिळाली. नंतर मी सरांना विचारलं की गोरमाटीत त्याला काय सांगितलं होतं. म्हणाले, "सांगितलं न्हाई, विचारलं. पेला असशील तर आताच बोल, मी तुला वाचवनार न्हाई." म्हणजे त्यांनाही संशय होता. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "कागदाला जात कळत न्हाई म्हनलो होतो. कागद कुणी कुणाच्या हातात दिला, ते इसरलो."

अण्णांनी हुकूम काढला की यापुढे चाचणी रोज, पण चिमट्यानं, नियमाप्रमाणे. नियम म्हणजे काय, तर परसरामनं आधी हात दाखवायचे, मग तोंड उघडायचं. सर म्हणाले की मग बसमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाची करू, अण्णांपासून. ते कुणाला पटलं नाही. गाडेकर सरांनी रोज सकाळी चाचणी घेतली, रोज नारिंगी. पट्ट्या संपल्या तेव्हा सरांनी नव्या केल्या नाहीत. लगेच स्टाफरूममध्ये नवी शंका निघाली: का थांबले बरं? एखाद्या दिवशी सापडला असता म्हणून? संशयाला खाद्य लागत नाही. तो उपाशीपोटीही वाढतो.

ते शैक्षणिक वर्ष संपल्यावर सर दुसरीकडे, पुण्याकडच्या एका प्रयोगशाळेत निघाले. जायच्या आधी त्यांनी माझ्या कपाटातली उरलेली प्रश्नचिन्हं एकेक बघून खोडली. माझी जुनी रेघ असलेली बाटली हातात घेतली, रेघ तशीच ठेवली. टॉर्च मात्र सोबत नेली.

निघायच्या दिवसाची सकाळ. मुली उतरून गेल्या होत्या आणि रिकामी बस सरांना हिंगोलीला सोडणार होती. मी फाटकापाशी होते. परसराम ओल्या फडक्यानं दारातला दांडा पुसत होता. हे तो आता रोज करतो. सर ट्रंक घेऊन मागून आले. पायरीवर सावली पडली तशी परसराम वळला, दोन्ही तळवे पुढे केले आणि तोंड उघडलं.

मग त्यानं बघितलं कोण आहे ते. पण तोंड लगेच मिटलं नाही.

सरांनी ट्रंक खाली ठेवली.   त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, आणि तोंड उघडून परसरामसमोर उभे राहिले. फाटकातून आत येणारी दोन पोरं थबकली.

 परसराम पायरीवरून वाकला, नाक अगदी जवळ नेलं आणि चांगलं हुंगलं.

"आंबील," तो म्हणाला. "बसा."

सरांनी तोंड मिटलं, ट्रंक उचलली आणि बसमध्ये चढले.